जळालेली हार्ड डिस्क आणि बुडालेली अमानत

नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान चालविणारे आमचे एक परिचित मध्यंतरी आमच्याकडे आले. काही वर्षांपूर्वी त्यांनी ओळखीच्याच एका एजंटाकडे बिटकॉइनमध्ये गुंतविण्यासाठी तीन लाख रुपये दिले होते. सुरुवातीला थोडा परतावा मिळाला, नंतर बंद झाला. विचारणा केली की 'आज-उद्या' होई. आता एजंटाने नवीनच गोष्ट सांगितली. पैसे बुडालेले नाहीत, नाणी जागेवरच आहेत. मात्र ती ज्या हार्ड डिस्कमध्ये होती ती शॉर्ट सर्किटमध्ये जळाली. एक प्रयोगशाळा ती डिस्क उघडून देते, प्रत्येक गुंतवणूकदाराने पन्नास हजार भरले की काम होईल.

आमच्या परिचितांच्या गल्ल्यात तेवढी रक्कम होती. पण ती ठोक व्यापाऱ्याचे देणे होती. "भाई, पन्नास हजारांत तीन लाख सुटत असतील तर काय वाईट?" असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल एकट्या त्यांचा नाही, म्हणून या अंकात आम्ही या विषयाची फोड करून सांगत आहोत. हार्ड डिस्क फुटली, हरवली, कचऱ्यात गेली आणि त्यासोबत कोट्यवधींची नाणी गेली, अशा कथा जगभर ऐकू येतात. त्यांतील काही खऱ्या असू शकतात. काही मात्र तपासाअंती साफ खोट्या निघाल्या आहेत. खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी, हे व्यापाऱ्याला समजले पाहिजे.

नाणे डिस्कमध्ये नसतेच

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बिटकॉइन हे तिजोरीत ठेवलेल्या सोन्याच्या नाण्यासारखे हार्ड डिस्कमध्ये ठेवलेले नसते. जानेवारी २००९ मध्ये हे चलन सुरू झाले, तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार एका सार्वजनिक खातेवहीत नोंदलेला आहे. या वहीच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर आहेत. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, ती कधी आली, कधी गेली, हे सर्व कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. त्यासाठी परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

मग डिस्कमध्ये काय असते? डिस्कमध्ये असते ती किल्ली. ही किल्ली म्हणजे सुमारे ७७ अंकी एक गुप्त संख्या. ती ज्याच्याकडे असेल त्यालाच त्या पत्त्यावरील नाणी दुसरीकडे पाठविता येतात. किल्ली गेली तर नाणी वहीत दिसत राहतात, पण हलविता येत नाहीत. अंदाजाने ती संख्या शोधून काढणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.

दुकानाचे उदाहरण घ्या. आपली रोजमेळाची वही दुकानात जळाली, पण तिची प्रत आपल्या हिशेबनिसाकडे, व्यापाऱ्याकडे आणि बँकेतही आहे, तर व्यवहार पुसला जात नाही. येथेही तसेच आहे. जळालेल्या डिस्कमुळे किल्ली जाऊ शकते, हिशेब जात नाही. म्हणून 'डिस्क जळाली, आता काहीच दाखविता येत नाही' असे जो म्हणतो, त्याच्या बोलण्यातील उत्तरार्ध खोटा आहे.

कचऱ्यात गेलेली डिस्क

या प्रकारातील सर्वांत गाजलेली घटना ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील न्यूपोर्ट शहराची आहे. जेम्स हॉवेल्स या संगणक अभियंत्याची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती, असे त्यांचे म्हणणे. ती शोधण्यासाठी कचरा डेपो खणू द्यावा म्हणून त्यांनी नगर परिषदेकडे अनेक वर्षे मागणी केली, न मिळाल्यावर न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

हॉवेल्स यांचे म्हणणे खोटे ठरलेले नाही आणि ते संभाव्य वाटण्यास कारणही आहे. सुरुवातीच्या काळात या नाण्यांना फारशी किंमत नव्हती. मे २०१० मध्ये अमेरिकेत एका गृहस्थाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले होते! एवढ्या स्वस्त वस्तूची किल्ली कोणी जपून ठेवली नसेल तर नवल नाही. शिवाय त्या काळी किल्ली एका साध्या फाइलमध्ये असे. तिची प्रत काढली नसेल तर डिस्कबरोबर ती जात असे. आणि मुख्य गोष्ट अशी की हॉवेल्स यांनी आपलेच गमावले. दुसऱ्याची अमानत ते सांभाळत नव्हते.

जयपूरचा मृत्यू आणि रिकामी पाकिटे

दुसरी घटना आपल्या देशाशी जोडलेली आहे. कॅनडातील 'क्वाड्रिगा' नावाच्या चलनबाजाराचा प्रमुख जेराल्ड कॉटन हा तरुण ९ डिसेंबर २०१८ रोजी जयपूर येथे आजारपणात मरण पावला. त्यानंतर कंपनीकडून सांगण्यात आले की ग्राहकांची नाणी इंटरनेटपासून अलग ठेवलेल्या 'शीत पाकिटां'मध्ये आहेत, त्यांच्या किल्ल्या फक्त कॉटनला ठाऊक होत्या, आणि त्याचा लॅपटॉप कुलूपबंद आहे. सुमारे ७६,००० ग्राहकांचे २१ कोटींहून अधिक कॅनेडियन डॉलर अडकले.

लोकांनी हळहळ व्यक्त केली. मात्र न्यायालयाने नेमलेल्या हिशेब तपासनिसांनी सार्वजनिक वही उघडली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. जी शीत पाकिटे सापडली त्यांत एप्रिल २०१८ पासून, म्हणजे मृत्यूच्या आठ महिने आधीपासून, जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते. जून २०२० मध्ये ओंटारियो प्रांताच्या रोखे आयोगाने आपला निष्कर्ष जाहीर केला. कॉटनने खोट्या नावांनी खाती उघडून, खोटी शिल्लक दाखवून ग्राहकांच्याच पैशांवर सट्टा खेळला होता आणि नव्या ग्राहकांच्या पैशांतून जुन्यांना देणे चालले होते. ग्राहकांचे किमान १६ कोटी ९० लाख कॅनेडियन डॉलर बुडाले. थोडक्यात, किल्ली हरवल्यामुळे पैसे गेले नव्हते. पैसे आधीच गेले होते, किल्ली हरवल्याची गोष्ट नंतर आली.

हा क्रम वाचकांनी मनात पक्का ठेवावा. खोट्या कथेची पहिली खूण क्रमातच असते.

पायाखाली चिरडलेली डिस्क

तिसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या क्रेग राइट यांचे. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो म्हणजे आपणच, असा दावा ते वर्षानुवर्षे करीत होते. दावा सिद्ध करणे सोपे होते. सातोशीच्या जुन्या किल्लीने एक सही करून दाखविली की वाद मिटला असता. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये ओस्लो येथील न्यायालयात त्यांनी सांगितले की त्या किल्ल्यांपर्यंत नेणारी हार्ड डिस्क आपण पायाने चिरडून टाकली.

मार्च २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मेलर यांनी राइट हे सातोशी नाहीत असा निर्णय दिला. त्यानंतरच्या सविस्तर निकालपत्रात, त्यांनी न्यायालयापुढे मोठ्या प्रमाणावर खोटे सांगितले आणि बनावट कागदपत्रे सादर केली, असे नमूद केले. येथेही फुटलेल्या डिस्कचा उपयोग काय झाला ते पाहा. जे सिद्ध करता येत नव्हते ते सिद्ध न करण्यासाठी ती एक सोयीची सबब ठरली.

आपल्या पुण्यातील प्रकरण

परदेशातील गोष्टी पुरे. आता आपल्या शहराकडे वळू. 'गेनबिटकॉइन' ही योजना अमित भारद्वाज याने २०१५ च्या सुमारास सुरू केली. बिटकॉइन द्या, आम्ही त्याचे 'मायनिंग' करू आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा देऊ, असे वचन होते. व्यापारी, नोकरदार, निवृत्त लोक, सर्वांनी पैसे घातले. पुण्यात दत्तवाडी व निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले आणि एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक झाली. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार या प्रकरणातील रक्कम सुमारे ६,६०० कोटी रुपये आहे.

या योजनेतील खोट डिस्क जळण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी दिसण्यासारखी होती. मायनिंग म्हणजे वहीतील नोंदी तपासून देणे आणि त्याबद्दल नवी नाणी मिळविणे. ही नवी नाणी ठरावीक प्रमाणातच निघतात आणि सुमारे दर चार वर्षांनी त्यांचे प्रमाण निम्मे होते. जुलै २०१६ मध्ये साधारण दहा मिनिटांना मिळणारी नाणी २५ वरून साडेबारा झाली. ज्या धंद्याचे उत्पन्नच निम्मे होणार हे आधीपासून ठरलेले आहे, त्यात दरमहा १० टक्के निश्चित परतावा कोठून यावा? तो नव्या लोकांच्या पैशांतूनच यायचा. २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे स्वतःचेच टोकन गुंतवणूकदारांच्या हाती ठेवण्यात आले, तेथे सोंग उघडे पडले.

पुढची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तपासात आरोपींच्या डिजिटल पाकिटांतील नाणी मोजण्यासाठी पुणे पोलिसांनी बाहेरच्या तांत्रिक तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांच्यापैकीच दोघांना अटक केली. एक सायबर तज्ज्ञ होता, तर दुसरा भारतीय पोलीस सेवेतील माजी अधिकारी. आरोप असा की पाकिटांतील काही नाणी त्यांनी परस्पर वळविली आणि पाकिटात कमी शिल्लक दिसेल असे फेरफार केलेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिले. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम आहे, त्यावर आम्ही मत देत नाही. मात्र संशय आला की स्क्रीनशॉट आणि सार्वजनिक वही शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते, हा धडा आपण घ्यायला हरकत नाही. चित्रात खाडाखोड होते, वहीत होत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाज मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या भावाला पाकिटाचे नाव व पासवर्ड तपास यंत्रणेला देण्यास सांगितले. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही अखेर किल्लीच मागावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये देशभरातील गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये या विभागाने पुणे, नांदेड, कोल्हापूर यांसह ६० हून अधिक ठिकाणी छापे घालून सुमारे २३ कोटी ९४ लाख रुपयांची आभासी नाणी जप्त केली. ६,६०० कोटींच्या तुलनेत ही रक्कम किती, हे वाचकांनीच ताडावे.

पाच प्रश्न

आता मूळ मुद्दा. 'डिस्क गेली' असे सांगणाऱ्या माणसाला पुढील पाच प्रश्न विचारावेत. उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत.

१) नाणी कोणत्या पत्त्यावर आहेत? किल्ली गुप्त असते, पत्ता गुप्त नसतो. किल्ली हरवली तरी ज्या पत्त्यावर नाणी पाठविली तो पत्ता जुन्या पावत्यांत, ईमेलमध्ये, मोबाइलमध्ये सापडतो. पत्ता सांगण्यास नकार म्हणजे पहिली धोक्याची घंटा.

२) डिस्क कोणत्या तारखेला नष्ट झाली? तारीख मिळाली की सार्वजनिक वही पाहावी. त्या तारखेनंतर त्या पत्त्यावरून नाणी हलली असतील तर किल्ली कोणाकडे तरी शाबूत आहे. नाणी त्या तारखेच्या आधीच गेली असतील तर डिस्कचा काही संबंध नाही.

३) किल्लीची प्रत कोठे आहे? २०१३ नंतर रूढ झालेल्या पद्धतीत बहुतेक पाकिटे सुरुवातीलाच १२ किंवा २४ शब्द देतात आणि ते कागदावर लिहून ठेवण्यास सांगतात. हे शब्द असले की डिस्क जळो वा समुद्रात पडो, दुसऱ्या यंत्रावर पाकीट पुन्हा उघडते. दुसऱ्यांचे लाखो रुपये घेणाऱ्याने ते शब्द लिहून ठेवले नसतील तर तो कमालीचा निष्काळजी तरी आहे किंवा खोटारडा तरी. दोन्ही बाबतींत जबाबदारी त्याचीच.

४) नाणी चलनबाजारातील खात्यात होती की स्वतःच्या पाकिटात? बाजारातील खात्यात असतील तर किल्ली त्या बाजाराकडे असते. खाते कोणत्याही मोबाइलवरून उघडते. तेथे डिस्कची सबब चालतच नाही.

५) आता पैसे कोण मागत आहे? ज्याने पैसे घालविले तोच, किंवा त्याने सुचविलेला माणूस, सोडवणुकीसाठी आगाऊ रक्कम मागत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. बुडालेल्या पैशाच्या आशेवर दुसऱ्यांदा लुबाडणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

येथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एखाद्या पत्त्यावर नाणी पडून आहेत आणि कित्येक वर्षांत हललेली नाहीत, एवढ्यावरून ती त्याच माणसाची आहेत असे सिद्ध होत नाही. दुसऱ्याची पडीक जमीन दाखवून 'ही माझी' म्हणण्यासारखे ते होईल. मालकी सिद्ध करण्यासाठी किल्लीनेच सही करावी लागते आणि किल्ली तर हरवली आहे! म्हणून ही कथा खोटी ठरविता येते, पूर्णपणे खरी ठरविता येत नाही. यासाठी आपण नाणी कधी व कोणत्या पत्त्यावर पाठविली याचा पुरावा लागतो. आपण रोख रक्कमच दिली असेल तर त्या पैशांची नाणी घेतली गेली होती की नाही, हाच पहिला प्रश्न आहे.

दुरुस्तीवाले आणि भंगारवाले बंधू

तपकीर गल्लीत संगणक दुरुस्त करणारे आणि भवानी पेठेत भंगाराचा धंदा करणारे आमचे वाचक आहेत. त्यांच्याकडे कोणी मोडकी डिस्क घेऊन येईल आणि 'यात कोटी आहेत, खर्च तुम्ही करा, निम्मे तुमचे' म्हणेल. अशा भागीदारीत पडू नये. डिस्क केवळ फॉरमॅट झालेली असेल तर माहिती बऱ्याचदा परत मिळते. आतील तबकडी वाकली, चरे पडले किंवा ती आगीत वितळली तर आशा फार थोडी. काम घ्यायचे असेल तर मजुरी ठरवून, डिस्कचा क्रमांक लिहून, पावती देऊन घ्यावे. आणि दुसऱ्याच्या डिस्कमध्ये खरोखरच किल्ली सापडली तर ती त्याची अमानत आहे, हे आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.

कायदा आणि हिशेब

आभासी नाणे हे आपल्या देशात कायदेशीर चलन नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. त्यातील तोटा मात्र धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे डिस्क खरोखर जळाली तरी सरकार त्या नुकसानीत वाटेकरी होत नाही आणि बँक ठेवीला असते तसे विम्याचे संरक्षणही नाही.

फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम मोठी असल्यास पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जावे. बँकेचे उतारे, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, पावत्या यांच्या छापील प्रती आधीच काढून ठेवाव्यात. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली आरोपींची मालमत्ता जप्त होऊ शकते.

आपल्या समाजात आणखी एक अडचण असते. एजंट नात्यातला किंवा मोहल्ल्यातला असतो, तक्रार केली तर लोक काय म्हणतील, म्हणून माणूस गप्प बसतो. बंगळुरूच्या आय.एम.ए. प्रकरणात 'हलाल' नफ्याच्या नावावर हजारो मुस्लिम कुटुंबांनी आयुष्याची कमाई घातली आणि जून २०१९ मध्ये सर्व कोसळले. ओळख ही जामीन नव्हे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा सविस्तर आदेश कुरआनच्या सर्वांत मोठ्या आयतीत आहे. ओळखीच्या माणसाशी व्यवहार असला तरी तो आदेश गळून पडत नाही. बुडालेल्या रकमेवर जकात लागते की नाही, हा प्रश्नही काही वाचक विचारतात. त्याबाबत जाणत्या आलिमांना आपली पूर्ण हकीकत सांगून विचारावे.

असो. आमच्या परिचितांना आम्ही एवढेच सांगितले की पन्नास हजार देऊ नका, पाच प्रश्न लिहून द्या. त्यांनी त्या रकमेतून ठोक व्यापाऱ्याचे देणे भागविले आणि प्रश्नांचा कागद एजंटाच्या हाती ठेवला. पत्ता आणि तारीख, या दोनच गोष्टी आधी सांग, असे त्याला बजावले. आज तीन आठवडे झाले. एजंट अजून पत्ता शोधतो आहे. आमचे परिचित बँकेचे उतारे घेऊन पोलिसांकडे जाण्याच्या तयारीत आहेत. तीन लाख मिळतील की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पन्नास हजार मात्र वाचले.